युद्धपट घरात बघायचा तर आधी आवाजाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. परळला पुनर्विकासात मिळालेलं चारेकशे चौरस फुटांचं घर. सासरे माझगाव डॉकमधून निवृत्त, पंचाहत्तरी ओलांडलेली, आणि युद्धपट व युद्धाचे माहितीपट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. संवाद कळत नाहीत म्हणून ते आवाज वाढवतात, मग तोफ उडाली की खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजतो. सातवीतला मुलगा आजोबांना चिकटून सगळं बघतो आणि पडद्यावर दिसेल ते तसंच घडलं असं धरून चालतो. तेव्हा साउंडबार कुठला घ्यावा, आणि या दोघांना काय दाखवावं, काय टाळावं?

मी अंधेरीत साउंड मिक्सिंग करतो. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि मालिका, आवडीने माहितीपट, आणि त्यात युद्धावरचे बरेच. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच जागेवरून निघालेले दिसतात. खालच्या मजल्याला हादरवणारा स्फोट आणि मुलाला खरा वाटणारा स्फोट, दोन्ही आमच्यासारख्या कोणीतरी एसी लावलेल्या खोलीत बसून बनवलेले असतात. जुन्या युद्धांवरच्या माहितीपटात चित्र पुष्कळदा खरं असतं. रणांगणाचा आवाज जवळपास कधीच नसतो.

आधी घरचं उरकू. थिएटरसाठी मिक्स करताना संवाद साधारण ७० ते ७५ डेसिबलच्या आसपास बसतात आणि स्फोटांना १०५ पर्यंत जायची मुभा असते; सबवूफरला, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या स्पीकरला, त्याहूनही वर. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. म्हणजे सैनिकाची कुजबुज आणि तोफ यांच्यात किती दरी आहे बघा. थिएटरात ती दरीच मजा आणते. परळच्या घरात पंख्याची घरघर, खालून येणारे हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांच्यात कुजबुज बुडते, म्हणून तुम्ही आवाज चढवता आणि तोफही तेवढीच चढते. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कायद्याने ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खालच्या मंडळींचं चुकत नाहीये.

पहिला उपाय फुकटचा. ओटीटीवर सिनेमा लावला की ऑडिओच्या यादीत बहुतेक वेळा एकाच भाषेचे दोन पर्याय दिसतात, एक साधा आणि एकापुढे ५.१ लिहिलेला. टीव्हीचेच स्पीकर वापरत असाल तर साधा निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, आणि तुमच्या टीव्हीला तो मधला स्पीकर नाहीच. मग टीव्ही सगळं एकत्र कालवतो आणि संवाद संगीताखाली दबतात. शिवाय टीव्हीच्या साउंड मेन्यूत 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'डायनॅमिक रेंज' अशा नावाचं काहीतरी असतं, ते चालू करा. मोठा आवाज दाबायचा आणि लहान उचलायचा, एवढंच ते करतं. आमच्या धंद्यातले लोक नाकं मुरडतील, पण त्यांच्या खाली कोणी राहत नसावं.

साउंडबार घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांना भुलू नका. २.१ ऐवजी ३.१ घ्या, तो वाढीव एक म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, आणि तुमचं खरं दुखणं तेच आहे. सोबत येणारा सबवूफर भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवून थेट लादीवर ठेवू नका. बारीक आवाज भिंतीत अडतात, खर्ज मात्र स्लॅबमधून सरळ खाली उतरतो, त्यामुळे खालच्यांना संवाद, संगीत काही नाही, नुसती धडधड ऐकू येते. जाड रबराचा किंवा फोमचा तुकडा खाली घाला आणि रात्री दहानंतर सबवूफरची पिन काढून टाका.

आता जरा नाजूक मुद्दा. गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान तपासून घ्या. ग्राइंडिंग, चिपिंग, पत्र्यावरची ठोकाठोक अशा आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत, आणि तो म्हणतो की हल्लीचे नट पुटपुटतात. (पुटपुटतातही, ते वेगळं.) केईएम तुमच्या दारात आहे; कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री करून घ्या. ती होईपर्यंत सबटायटल लावा, अक्षरं मोठी आणि पिवळी. सबटायटल लावणं म्हणजे हार मानणं नव्हे, मी स्वतः लावतो.

चित्राबद्दल दोनच गोष्टी. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय आधीच चालू करून दिलेली असते. सोनीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन. ती बंद करा, नाहीतर कुठलंही रणांगण संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसतं. आणि जुनं चित्रण जवळजवळ चौकोनी असतं, पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते पट्टे राहू द्या. रिमोटवरून चित्र ताणलं की सगळे सैनिक बुटके आणि जाडे होतात. काही माहितीपटवाले तर पट्टे नकोत म्हणून चित्राची डोकी आणि पाय कापूनच दाखवतात. बूट कधीच दिसत नसतील तर समजा की कोणीतरी कात्री लावली आहे.

आता मुलाकडे वळतो, कारण खरं काम तिथे आहे.

पहिल्या महायुद्धातला सिनेकॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा आणि मुका होता. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या पुष्कळ कॅमेरामनच्या हातात चावीचा आयमो कॅमेरा होता. त्यात १०० फुटांचं रीळ बसायचं, म्हणजे जेमतेम एक मिनिटाचं चित्रण, आणि तेही मुकंच. आवाज मुद्रित करणारी यंत्रं वेगळी, माणसं वेगळी. ३ सप्टेंबर १९४३ च्या रात्री बीबीसीचा वार्ताहर विनफर्ड वॉन-थॉमस ध्वनिमुद्रकाला सोबत घेऊन लँकेस्टर बॉम्बर विमानातून बर्लिनवर गेला होता. ते ध्वनिमुद्रण अस्सल आहे, पण त्याच्यासोबत चित्र नाही. म्हणजे एखाद्या माहितीपटात बॉम्ब पडताना दिसतो आणि त्याच क्षणी धडाम ऐकू येतं, तेव्हा ते धडाम कोणीतरी नंतर चिकटवलेलं असतं. त्या काळच्या न्यूजरीलवाल्यांनीही स्टुडिओत हेच केलं आणि आम्हीही हेच करतो.

कसं करतो ते सांगतो. समजा वीस सेकंदांचा मुका तुकडा आला: चिखलातून चालत जाणारे सैनिक, मागून एक रणगाडा. फोली आर्टिस्ट, म्हणजे पडद्यावरच्या हालचालींचे आवाज स्वतः करून देणारा माणूस, एका मोठ्या घमेल्यात ओली माती आणि खडी घेतो, जुने लष्करी बूट चढवतो आणि पडद्यावरच्या पहिल्या सैनिकाच्या पावलावर पाऊल टाकत जागच्या जागी चालतो. मग दुसऱ्या सैनिकासाठी तेच पुन्हा, थोडे जड पाय टाकून. खांद्यावरच्या पट्ट्याची करकर चामड्याच्या जुन्या बॅगेतून येते. रणगाड्याच्या साखळ्यांसाठी आम्ही एकदा दुकानाचं शटर वर-खाली करून मुद्रित केलं आणि त्याचा वेग निम्म्यावर आणला. त्याखाली डिझेल जनरेटरचा खर्ज घातला. लांबवर तोफा म्हणून लायब्ररीतून दोन ढगांचे गडगडाट उचलले. संध्याकाळपर्यंत तो तुकडा इतका जिवंत झाला की दिग्दर्शक म्हणाला, आता वाटतंय खरं.

खरी तोफ कॅमेऱ्याच्या माइकवर खरी वाटतच नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, वाहिन्यांचे कॅमेरे आघाडीजवळ गेले. त्या चित्रणात बोफोर्सचा आवाज ऐका. माइक सहन करू शकत नाही, आवाज फाटतो आणि कोरडा 'फट्' ऐकू येतो. सिनेमातल्या एका तोफेच्या आवाजात आम्ही चार-पाच थर रचतो: खालचा धक्का, मधला तडाखा, वरची धातूची किणकिण आणि दरीत घुमत जाणारी शेपटी.

हे थर ओळखायला मुलाला शिकवा. या वयात मुलांना हे फार पटकन जमतं आणि आवडतंही. सुरुवात प्रकाश आणि आवाज यांच्यातल्या अंतराने करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला तीन सेकंद. पावसाळ्यात खिडकीतून वीज दिसली की मोजायला लावा. सेकंदांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. मग त्याला युद्धाचा कुठलाही व्हिडिओ दाखवा ज्यात दूरच्या डोंगरावर किंवा शहरावर स्फोट होतोय. ज्वाळा आणि धमाका एकाच क्षणी आले, तर आवाज जोडलेला आहे, किंवा सगळं चित्रच बनावट आहे. २०२५ च्या मे महिन्यात व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून मोबाइलवर फिरत होती, ती तुमच्याही ग्रुपवर आली असतील. त्यावर बराच वाद घालण्यापेक्षा ही तीन सेकंदांची चाचणी मुलाच्या हातात दिलेली बरी. उलटी खात्री मात्र तिच्यातून मिळत नाही. अंतर बरोबर आहे म्हणून व्हिडिओ खरा, असं होत नाही. आमच्यासारखा माणूस ते अंतरही जोडून देतो.

बंदुकीच्या गोळीचंही तसंच. रायफलीची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे ज्याच्या रोखाने ती येते त्या माणसाला आधी डोक्यावरून गेलेल्या गोळीचा 'चट्' ऐकू येतो आणि मग बंदुकीचा 'धप्'. या दोहोंमधल्या वेळावरून जवान शत्रूच्या अंतराचा अंदाज बांधतात. फार थोड्या चित्रपटांनी हे नीट दाखवलंय. आपल्या जुन्या हिंदी सिनेमात तर गोळी दगडाला लागून 'ट्यूंव' करत जायची, वाळूत लागली तरी. आणि कुठलंही विमान कोसळताना जो रडका चढता सूर ऐकू येतो ना, तो जर्मन स्टुका विमानांवर लोकांना घाबरवायला मुद्दाम बसवलेल्या भोंग्याचा. तो पुढे इतका लोकप्रिय झाला की अमेरिकन, जपानी, कोणतंही विमान पडलं तरी साउंडवाले तोच लावतात. सासऱ्यांना सांगा, एकदा कळलं की ते दर सिनेमात पकडतील.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. कुठलाही माहितीपट सुरू केला की पहिली पाच मिनिटं म्यूट करून बघा आणि प्रत्यक्ष काय दिसलं ते मुलाला सांगायला लावा. 'जर्मन सैन्य मॉस्कोकडे निघालं' असं तो म्हणणार नाही. म्हणेल, 'बर्फात काही ट्रक चाललेत.' मग तोच भाग आवाजासकट लावा. कुठलं सैन्य, कुठे निघालंय, जिंकतंय की हरतंय, भ्यायचं की अभिमान बाळगायचा, हे सगळं निवेदनाने आणि संगीताने सांगितलं होतं हे त्याला आपोआप दिसेल. आपल्या मुंबईत हा खेळ फार जुना आहे. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने इथून 'इंडियन न्यूज परेड' नावाची वार्तापत्रं सुरू केली, युद्धाच्या प्रचारासाठी. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पेडर रोडवरची फिल्म्स डिव्हिजन आली. 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही अक्षरं आणि त्यामागचा तो भारदस्त आवाज तुमच्या सासऱ्यांनी प्रत्येक सिनेमाआधी ऐकला असेल. निवेदनाची भाषा बदलते, सूर बदलतो, सरकार बदलतं. खालचं चित्र मात्र सैनिक बोटीवर चढताना हात हलवतायत एवढंच असतं. त्याच आवारात गुलशन महल आणि शेजारच्या नव्या इमारतीत आता राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुलाला एकदा घेऊन जा.

म्यूटवर आणखी एक दिसतं: कॅमेरा कुठे उभा आहे. सैनिक खंदकातून उसळी मारून समोर धावत येतायत आणि कॅमेरा त्यांच्या पुढ्यात, शत्रूकडे पाठ करून उभा आहे, तर ते लढाईतलं नव्हे. १९१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये झळकलेल्या सोमच्या लढाईवरच्या प्रसिद्ध चित्रपटातला खंदकाबाहेर पडण्याचा प्रसंग असाच मागच्या बाजूला, प्रशिक्षणाच्या जागी उभा केलेला होता. बाकीचं बरंचसं चित्रण मात्र अस्सल होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडभोवती दोन सोव्हिएत सैन्यं भेटतात आणि बर्फात धावत येऊन मिठ्या मारतात, ते दृश्य प्रत्येक माहितीपटात असतं. ती भेटही नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवली गेली. म्हणून माहितीपट फेकून द्यायचा नाही. घटना खरी, छायाचित्रण नंतरचं, एवढं मुलाला कळलं की झालं.

आपल्या घराजवळचं उदाहरण घ्या. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, ऑपरेशन ट्रायडेंट. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, पाकिस्तानी नौदलाची खैबर आणि मुहाफिज ही जहाजं बुडवली. त्या दिवसाचा आपण नौदल दिन करतो. या हल्ल्यावरच्या कुठल्याही कार्यक्रमात लख्ख उन्हात निळ्या समुद्रावरून क्षेपणास्त्र सुटताना दिसलं तर समजा, ते कुठल्यातरी सरावाचं चित्रण आहे. हल्ला रात्रीचा होता. आणि मग ९ डिसेंबरची रात्र: दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. यावरचा एखादा कार्यक्रम लावलात तर पार्श्वसंगीताकडे लक्ष द्या. जितकं संगीत कमी, तितका बनवणाऱ्याचा आपल्या माहितीवर विश्वास जास्त, असा माझा अनुभव आहे.

त्याच ४ डिसेंबरच्या रात्री राजस्थानात लोंगेवाला सुरू होतं. १९९७ चा 'बॉर्डर' तुमच्याकडे वर्षातून दोनदा तरी लागत असणार. चांगला चालतो, मलाही आवडतो, आणि पत्रांचं ते गाणं लागलं की आवाज वाढवायला माझी हरकत नाही. पण त्या सिनेमात भैरोसिंह हे पात्र लढता लढता हुतात्मा होतं. खरे भैरोसिंह राठोड लढाईतून जिवंत परतले आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये वारले. जैसलमेरची हंटर विमानं उजाडल्यावरच येऊ शकली, कारण त्यांना रात्री लढण्याची सोय नव्हती. एवढा भाग सिनेमातही आहे, आणि ते रात्रभर थांबणं हेच त्या लढाईचं खरं नाट्य आहे. मुलाला सिनेमा आधी बघू द्या, मग दोघं बसून काय वाढवलंय ते शोधा. हे उलट क्रमाने केलं तर सिनेमाची मजाच जाते. २०१७ च्या 'द गाझी अटॅक'ला तर हे फारच लागू पडतं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली हे खरं. कशी बुडाली यावर भारत आणि पाकिस्तान यांचं आजही एकमत नाही, आणि सिनेमातली पाणबुड्यांची झुंज लेखकाच्या डोक्यातली.

सासऱ्यांसाठी माझी पहिली शिफारस १९८१ ची जर्मन 'दास बोट', पाणबुडीतली गोष्ट. त्यांच्या माझगाव डॉकने १९९२ मध्ये आयएनएस शाल्की नौदलाला दिली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. असा माणूस पोलादी नळकांड्यातला तो सिनेमा आपल्यापेक्षा वेगळ्या कानांनी ऐकेल. वरून जाणाऱ्या विनाशिकेचा शोध घेणारा 'पिंग', पाण्याच्या दाबाने कुरकुरणारं कवच, आणि त्या दोहोंच्या मध्ये श्वास रोखून धरलेली माणसं. आवाज कमी ठेवूनही हा सिनेमा पूर्ण पोचतो. ते चुका काढतील, काढू द्या.

स्टीव्हन स्पीलबर्गचा १९९८ चा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' मुलाला आत्ता नको. सुरुवातीची समुद्रकिनाऱ्यावरची लढाई रक्ताने भरलेली आहे आणि तिच्यात संगीताचा एक सूर नाही, त्यामुळे मन दुसरीकडे वळवायला जागाच मिळत नाही. मोठ्यांनी मात्र बघावा. स्फोटानंतर नायकाचे कान बधिर होतात आणि सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं, ते आमच्या व्यवसायात आजही वस्तुपाठ म्हणून दाखवतात. १९८५ च्या सोव्हिएत 'कम अँड सी'ला तर सातवीच्या मुलाच्या आसपासही फिरकू देऊ नका. ओटीटीवरचे १३+ आणि १६+ हे शिक्के अशा वेळी पाळलेले बरे. आजोबा शेजारी आहेत म्हणून दृश्य सौम्य होत नाही.

मुलाला चालेल असा म्हणजे २०१७ चा 'डंकर्क'. रक्त जवळजवळ नाही, ताण भरपूर. आवाज सतत वर चढत असल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात तो कुठेच पोचत नाही. ही सुरांची एक जुनी करामत आहे आणि ती ओळखायला मुलाला मजा येईल. त्या सिनेमात एक गोष्ट दिसत नाही: १९४० मध्ये त्या किनाऱ्यावर भारतीय सैन्याच्या खेचर-तुकड्याही होत्या. 'फोर्स के-६' नावाची ही मंडळी १९३९ च्या डिसेंबरमध्ये आपल्या मुंबई बंदरातूनच फ्रान्सला निघाली होती. सिनेमा बघून झाल्यावर मुलाला हे सांगा आणि नकाशा काढा.

मालिका एकच सांगायची तर १९७३-७४ ची 'द वर्ल्ड ॲट वॉर', २६ भाग. स्फोटांचे आवाज तिथेही जोडलेलेच आहेत, पण तिची खरी ताकद माणसांच्या बोलण्यात आहे. सेनापतींसोबत त्यांचे सहायक, कारकून, गृहिणी, साधे शिपाई बोलतात आणि कोणी कोणाला मध्येच तोडत नाही. एकामागून एक भाग बघू नका, आठवड्याला एक पुरे. मुलासोबत बघण्याआधी तुम्ही तो भाग स्वतः बघून ठेवा. छळछावण्यांचे भाग आत्ता वगळा.

पहिल्या महायुद्धावर पीटर जॅक्सनचा २०१८ चा 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' आहे. त्यात जुन्या मुक्या चित्रणाचा वेग सुधारून रंग भरलेत, आणि सैनिकांचे ओठ वाचणारी माणसं बसवून ते काय बोलत होते हे ठरवून आवाज दिलाय. काम अफाट आहे. तरी मी तो बघताना दोन थर वेगळे ठेवतो: ओठांवर बसवलेला आवाज आजच्या नटांचा, निवेदनातले म्हातारे आवाज मात्र त्या युद्धात खरोखर लढलेल्या माणसांचे, काही दशकांनी मुद्रित केलेले.

त्याच युद्धातले भारतीयांचे आवाज तर युद्ध चालू असतानाच मुद्रित झाले होते. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या युद्धकैदी छावणीत १९१६ च्या सुमारास जर्मन अभ्यासकांनी भारतीय कैद्यांना फोनोग्राफच्या कर्ण्यासमोर उभं करून त्यांच्या भाषांचे नमुने घेतले. माल सिंग नावाच्या शीख सैनिकाचा आवाज ११ डिसेंबर १९१६ चा आहे. तो घरच्या लोण्याची आठवण काढतो, हिंदुस्तानात परत जायचंय म्हणतो. जर्मन दिग्दर्शक फिलिप शेफनरने या तबकड्यांवर २००७ मध्ये 'द हाफमून फाइल्स' हा माहितीपट केला. मिळाला तर सबवूफर बंद करून, दिवे मालवून बघा. त्यात एकही तोफ नाही.

मराठी घरात दुसरं महायुद्ध बघताना इटलीचा भाग आला की थोडं थांबा. माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांना तो ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर केलेल्या पराक्रमासाठी मिळाला. बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्यांना पुढे बोलावलं, असं त्यांच्या मानपत्रात लिहिलंय. ती गर्जना तेव्हा कोणी मुद्रित केलेली नाही. कुठल्या माहितीपटात ती दणक्यात ऐकू आली, तर अंधेरीत कोणीतरी आठ-दहा मुलांना माइकसमोर उभं करून ओरडायला लावलं असणार. मला ते काम मिळालं तर मीही करेन. पण पडद्यावर तशी एक ओळ यावी असा आग्रह धरेन.

एक काम तुम्ही घरीच करू शकता. तुम्ही लिहिलंय की १९७१ मध्ये सासरे गोदीत नुकतेच चिकटले होते. म्हणजे मुंबईतला ब्लॅकआउट, काचांना लावलेले काळे कागद, भोंगे, गोदीतल्या रात्रपाळ्या हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. आणि त्यांच्या घरी १४ एप्रिल १९४४ च्या व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटाच्या गोष्टी नक्कीच सांगितल्या गेल्या असतील. हे मुलाला विचारू द्या आणि मोबाइलवर मुद्रित करा. पंखा पाच मिनिटं बंद ठेवा, फ्रिजजवळ बसू नका, मोबाइल त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, टॉवेलच्या घडीवर ठेवा म्हणजे टेबलाची ठकठक येणार नाही. 'कसं वाटलं?' असं विचारू नका. 'तेव्हा काय ऐकू येत होतं?' असं विचारा. ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, दहापर्यंत मोजा, बहुतेक वेळा खरं वाक्य त्यानंतर येतं. फाइलला तारीख आणि नाव द्या, एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. आणि मुलाने त्याखाली तोफेचे आवाज घातले, तर मूळ फाइल वेगळी ठेवायला सांगा.